फक्की सरांचा दोर

फक्की सर कॉलेजात येऊन गेले का, हे कोणाला विचारावं लागत नसे. व्हरांड्यातल्या लाल फरशीवर त्यांच्या बुटांचे पांढरे ठसे असायचे. जिन्यावरून वर, प्राचार्यांच्या दारापर्यंत आणि तिथूनच परत. आत ते कधी जात नसत. "खुर्ची खराब होते त्यायची," म्हणायचे आणि दारात उभं राहूनच काय ते बोलून घ्यायचे. मैदानावर रेषा मारायची चुन्याची भुकटी, म्हणजे फक्की, त्यांच्या पँटच्या दुमडीत असे, नखांत असे, कानाच्या पाळीवरसुद्धा असे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहिलं. घरी फोन केला तर काकूसुद्धा बिनदिक्कत सांगायच्या, "फक्की सर मैदानावर गेले."

अमरावतीतल्या आमच्या कॉलेजात ते धावण्याचे, उड्यांचे, फेकीचे, सगळ्याचे प्रशिक्षक होते. दुसऱ्या कॉलेजांत रेषा मारायचं काम शिपाई करत. आमच्याकडे त्या कामाला सर कोणाला हात लावू देत नसत. आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात बुटाला चिकटून येणारा चिखल. त्यामुळे दरवर्षी दसऱ्यानंतर सगळा ट्रॅक नव्याने आखावा लागे. सर भल्या सकाळी दव असतानाच यायचे. वळणाच्या मधोमध लोखंडी खुंटा ठोकायचे, त्याला दोर बांधायचे, दोराचं दुसरं टोक हातात ताणून धरायचे आणि फक्कीचा डबा हलवत हलवत गोल चालायचे. मागे पांढरी कमान उमटत जायची. आम्हाला त्या वेळी तोंड उघडायची बंदी. मी मुळातच बडबडी, मला ते भारी जायचं.

आता त्या दोराबद्दल सांगायलाच हवं. सर तेल्हाऱ्याकडचे. घरी शेती, घरचा कापूस. त्यांना कॉलेजात नोकरी लागली तेव्हा त्यांच्या वडिलांनी घरच्या कापसाचं सूत काढून, अंगणात बसून, स्वतःच्या हाताने हा दोर वळून दिला होता. "बा म्हणे, तू मास्तर झाला, तुले मी काय देऊ? पुस्तक तं मले वाचता येत नाई." पहिल्याच वर्षी सरांनी कुठून तरी पोलादी टेप मागून आणला, दोर त्याच्यावर लावला, वळणाच्या मापाला गाठ मारली आणि टेप परत करून टाकला. पुढे बाजारात नायलॉनच्या दोऱ्या आल्या. कोणी आणून दिली तर सर तिच्याकडे ढुंकून बघत नसत. "नायलॉन ताणते. आज एक सांगते, उद्या दुसरं. सुताचा दोर इमानदार असते," असं म्हणून तो दोर ते कपाटात एखाद्या सोवळ्याच्या वस्तूसारखा ठेवायचे.

शर्यत सुरू झाली की सगळे शेवटच्या रेषेकडे पळतात. सर उलट्या दिशेने जायचे. शेवटचं वळण जिथे सुटतं तिथे, कडेच्या कडुनिंबाखाली, त्यांची जागा ठरलेली. मी एकदा विचारलं, "सर, तुम्हाला आपला गडी जिंकताना बघावासा वाटत नाही?" म्हणाले, "जितताना तं सारेच पाह्यतेत. इथं कोणी पाह्यत नाई. इथं पाय भरून येतेत, छाती फाटते, आणि माणूस एकटा असते. इथं कोणीतरी पाह्यजे." आणि खरंच, जीव नकोसा झालेला असताना त्या झाडाखालून आरोळी यायची, "पय वं पय! पय!" आमच्या वऱ्हाडात पळण्याला पयणं म्हणतात. ती आरोळी ऐकली की कुठून बळ यायचं देव जाणे. मी काही मोठी धावपटू नव्हते, पण तेवढ्या टप्प्यापुरती मी सुद्धा वाघीण व्हायची.

तोंडाने मात्र सर जहाल. सराव झाल्यावर स्वतःच्या पिशवीतून सगळ्यांना गूळ-फुटाणे वाटायचे आणि वाटता वाटता एकेकाची सालं काढायचे. मला म्हणायचे, "तू तोंडानं पयाची शर्यत लाव, इंडियाले मेडल आणशील." यात गंमत असे, आम्ही हसायचो. एका गोष्टीवर मात्र ते खरोखर चिडत. आमची पोरं घरच्या मैदानावर उत्तम वेळ काढायची आणि नागपूरला नाहीतर अकोल्याला गेली की मागे पडायची. दर वर्षी तेच. परतीच्या बसमध्ये सर आम्हाला सोलून काढायचे. "घरचे वाघ हाये सारे! बाहेरगावी गेले की तुमच्या पोटात पाणी होते. दम नाई तुमच्यात, दम!" आम्ही माना खाली घालून ऐकायचो. आम्हालाही ते पटलेलं होतं. घड्याळ तर खोटं बोलत नाही ना!

आमच्यात खरी धावपटू एकच होती, मंदा. हॉस्टेलला माझ्याच खोलीत राहायची. आठशे मीटर धावायची, म्हणजे मैदानाला दोन चक्कर. काटकुळी, अबोल, आणि पळायला लागली की जमिनीला पाय लागतो की नाही असं वाटायचं. तिच्या बाबांनी तिला एकच सवलत दिली होती. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे शिक, नाही तर पाहुणे बघायला येतील ते येतील. मंदाने मला एका सकाळी केस विंचरता विंचरता सांगितलं, "माह्यं सारं आयुष्य त्या दोन चकरांत हाये वं." सरांनाही हे माहीत होतं. निवडीच्या आधी त्यांनी घड्याळ लावून तिला पळवलं, घड्याळ पाहिलं आणि मुलांसारखी टाळी वाजवली. "झाली निवड! आता हलकं पय, दुखापत करून घेऊ नको." उरलेले दिवस त्यांनी तिला सराव असा करूच दिला नाही.

निवड अकोल्याला होती, आणि त्या दिवशी मंदा अगदी थोडक्यात राहिली. शेवटच्या वळणाला ती पुढे होती, सरांची आरोळी मी स्वतः ऐकली. पण मग दोघी तिच्या पुढे निघून गेल्या. सर झाडून सगळ्यांच्या देखत तिच्याजवळ आले आणि म्हणाले, "मंदे, देवानं तुले पाय देले, काळीज नाई देलं." तिने खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट माझ्या हातात दिले आणि अनवाणी चालत बसकडे गेली. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, अंजनगाव सुर्जीला. सर लग्नाला आले नाहीत. मला त्यांचा फार राग आला होता, आणि तो मी त्यांना बोलूनही दाखवला होता. 

वर्षं गेली. मी अमरावतीतच नोकरीला लागले, संसार झाला, गुडघे कुरकुरायला लागले. सकाळी फिरायला मात्र कॉलेजच्या मैदानावरच जायची, आणि सर तिथे असायचेच. त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी विद्यापीठाची स्पर्धा पहिल्यांदा आमच्या मैदानावर व्हायची ठरली. सरांना केवढा आनंद! नवा शर्ट शिवला त्यांनी. ट्रॅक तपासायला दोन पंच पोलादी टेप घेऊन आले त्या सकाळी मी नेमकी तिथेच होते. त्यांनी एकदा मोजलं, आपसात काही बोलले, पुन्हा मोजलं. मग एक जण संकोचून म्हणाला, "सर, ट्रॅक कमी भरतो."

सर हसले. "टेप तपासून आणा भाऊ तुमचा." मग स्वतः जाऊन कपाटातून दोर आणला, एक टोक खुंट्याला अडकवलं आणि टेपच्या शेजारून ताणत नेला. टेपवर खूण होती तिथपर्यंत दोराची गाठ पोचलीच नाही. एक लांब ढांग अलीकडेच थांबली. सरांनी पाय रोवून ओढलं, गाल फुगवून ओढलं. गाठ तिथेच. नवं सुती कापड धुतल्यावर आटतं, हे कोणाला माहीत नसतं? सरांनाही माहीत होतं. दरवर्षी तो दोर दवात भिजायचा, ओल्या मातीतून ओढला जायचा, वाळायचा, आणि दरवर्षी इवलासा आटायचा. पण बापाने हाताने वळून दिलेल्या दोरावर कोणी असा संशय घेतं का! पहिल्या वर्षानंतर तो त्यांनी पुन्हा कधी मापलाच नव्हता. वळण आतून निघायचं, चक्कर लहान व्हायची आणि घड्याळ पोरांना खोटी शाबासकी द्यायचं. शंभर मीटरवाले वाचले, कारण ते सरळ रेषेत पळायचे. वळणावरून जाणारे सगळे फसले. आमची पोरं घरचे वाघ का होती ते त्या सकाळी कळलं.

स्पर्धा दुसरीकडे गेली. सर दोर हातात घेऊन कडुनिंबाखाली बसले होते. मी जवळ जाऊन बसले, तर म्हणाले, "बाचा दोर नाई चुकला वं. मी मापला नाई." थोड्या वेळाने म्हणाले, "कोणत्या वर्षापासून, सांग मले. कोणत्या पोरापासून?"  दोर एका रात्रीत थोडाच आटतो! पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेला नाही.

निरोप समारंभात त्यांना शाल दिली, नारळ दिला, दोन शब्द बोलायला सांगितलं. सर उभे राहून म्हणाले, "ज्या पोरायले मी म्हटलं दम नाई, त्यायच्यात दम होता. कमी होतं ते माह्यात होतं." लोकांना वाटलं, काय हा विनय! टाळ्यांचा कडकडाट झाला. सर टाळ्या थांबायची वाट बघत उभे राहिले, आणि त्या थांबल्यावर पुढे काही न बोलता खाली बसले. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात धरावेसे वाटले.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की प्रत्येकाला भेटून सांगायचं. मी म्हटलं, "सर, ग्रुप आहे आपला. मी एक मेसेज टाकते, सगळ्यांना कळेल." माझ्यावर डोळे वटारले. "ग्रुपवर? काहून, वाढदिवस हाये का कोणाचा?" मग काय, रविवार आला की आम्ही दोघं एसटीत. अकोल्याला एक जण पोलिसात हवालदार होता. त्याने सरांना घट्ट मिठी मारली, गरम आलूबोंडे मागवले आणि सगळं ऐकून खो खो हसला. "बरं झालं ना सर, तेवढंच कमी पयावं लागलं! तुमच्या शिव्या खाऊनच तं मी पोलिसात लागलो." बाहेर आल्यावर सर म्हणाले, "हा सुटला." तेल्हाऱ्यात एकाचं खता-बियाण्याचं दुकान होतं. तो चहा पाजत राहिला, मान डोलवत राहिला आणि मग म्हणाला, "मी आठशे धावत होतो का सर? हो हो, धावत असन." सर परतीच्या वाटेवर खिडकीतून बाहेर बघत होते. "याले आठवतच नाई वं. मी कशाची माफी मागून राह्यलो?"

मंदाकडे जायचं मात्र ते टाळत होते. या रविवारी ऊन आहे, पुढच्या रविवारी काकूंना बरं नाही. शेवटी मी तोंडावर म्हटलं, "सर, तुम्ही घाबरता." "हो," ते म्हणाले. "घाबरतो." आणि पुढच्याच रविवारी दोर पिशवीत घालून स्टँडवर माझ्याआधी येऊन उभे होते.

मंदाच्या घरचा भाजीपाल्याचा मळा होता. ती अंगणात सांबाराच्या जुड्या बांधत बसली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सरांना पाहून चटकन उठली, डोक्यावर पदर घेतला, पाया पडली, पाणी दिलं. थोडी जाड झाली होती, पण उठली तशीच, जुन्यासारखी, एका झटक्यात. सरांनी पिशवीतून दोर काढून तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. घड्याळ पाहून तिचा सराव थांबवला तेही सांगितलं. "तुले खरी वेळ माहीत असती तं तू आणखी मेहनत केली असती. मीच करू नाई देली. काळीज होतं तुले, मंदे. लय होतं." मंदा ऐकता ऐकता जुड्या बांधत होती. मग तिचे हात थांबले.

"सर," ती म्हणाली, "तुमी हे नसतं सांगितलं तं बरं झालं असतं."

 ती अगदी हळू, आवाज न चढवता बोलत होती. "मी समजत होती, माह्यातच कमी होतं. कमी होतं म्हणून राह्यलं, म्हणून अठी आली. कोणावर राग नाई, कोणावर रुसवा नाई. सासू बोलली, नवरा बोलला, तरी मनात म्हणो, आपल्यात दम कुठी होता! त्याच्यावर मी इतके वर्षं काढले, सर. आता तुमी म्हणता, होता. मंग मी अठी काहून हाये? आता मी कोणाच्या नावानं रडू?"

तिने आम्हाला चहा दिला. निघताना माझ्या पिशवीत सांबार घातला, वांगी घातली. सरांच्या पुन्हा पाया पडली. कशात काही कमी केलं नाही तिने.  परतवाड्याच्या फाट्याजवळ बस थांबली तेव्हा सर म्हणाले, "खरं बोलली ते. माह्या जिवावरचं ओझं मी तिच्या डोक्यावर ठेवून आलो."  

त्या हिवाळ्यात त्यांचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं खराब झालीत. सर म्हणाले, "जन्मभर फक्की खाल्ली, दुसरं काय होईन!" अंग अर्धं झालं होतं. एक दिवस मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, ट्रॅक आखायचा आहे. कॉलेजने परवानगी दिली. अमरावतीतले आम्ही चार-पाच जुने विद्यार्थी जमलो. सर कडुनिंबाखाली, त्यांच्या नेहमीच्या जागी, प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसले. "पह्यले बाच्या दोरानं मारा," म्हणाले. आम्ही मारली. "आता टेपनं." तीही मारली. दोन पांढऱ्या रेषा शेजारी शेजारी गोल गेल्या. एकजण आतली पुसायला वाकला तर सर ओरडले, "राहू दे! दोनी दिसू दे लोकायले." मग किती तरी वेळ ते त्या दोन रेषांमधल्या काळ्या पट्ट्याकडे बघत होते. "एक ढांग," म्हणाले. "एकच ढांग वं. मंदाले दाखवाची होती."

मी मंदाला फोन केला. म्हटलं, सरांनी बोलावलं आहे, एकदा येऊन जा. ती "पाह्यतो" म्हणाली. मी पुन्हा केला. मळ्याची कामं होती, लग्नसराई होती, कारणं खरीच होती. सर दवाखान्यात गेले. मी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर जायची. मी दारात दिसले की ते ऑक्सिजनची नळी बाजूला करून तेच विचारायचे, "आली का मंदा?" मी म्हणायची, येते म्हणाली आहे सर. ते मान हलवायचे. "रेषा पुसून जातीन वं," एवढंच म्हणायचे. दुसरं कशाचं काही नाही. शेवटच्या दिवशीही तेच विचारलं. मी तेच उत्तर दिलं.

सर गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मंदा आली. सरांच्या घरी न जाता आधी मला म्हणाली, मैदानावर चल. पोरं धावून धावून रेषा विरळ झाल्या होत्या, पण दिसत होत्या. मी तिला वळणापाशी नेलं आणि सांगितलं, ही आपली, आणि ही खरी. ती बघत राहिली. मग चप्पल काढली, एक पाय आतल्या रेषेवर ठेवला, दुसरा बाहेरच्या रेषेवर, आणि तशीच उभी राहिली.

"एवढंच वं?" तिने विचारलं.

"एवढंच."

तिने पदर कमरेला खोचला आणि बाहेरच्या, खऱ्या रेषेवरून निघाली. आधी चालत, मग भरभर, आणि पलीकडच्या अंगाला गेल्यावर चक्क पळायला लागली. लुगडं पायात येत होतं, दम लागलेला मला इथूनही दिसत होता. मी शेवटच्या रेषेपाशी तिची वाट बघत उभी होते. पण ती रेषेपर्यंत आलीच नाही. शेवटचं वळण सुटतं तिथे, कडुनिंबाखाली, सरांची खुर्ची अजून तशीच पडून होती, कोणी उचलली नव्हती. मंदा तिच्यासमोर थांबली. गुडघ्यांवर हात टेकून तिने मोठमोठे श्वास घेतले आणि मग त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "आली सर मी."